दुसऱ्यांदा पकडले गेल्यावर : तुरुंग, लायसन्स आणि उपचार

या अंकासाठी निवडलेले प्रश्न एकाच विषयाचे आहेत. वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात एकदा शिक्षा झालेला माणूस पुन्हा पकडला गेला, तर न्यायालय त्याला तुरुंगात पाठवतं की सुधारायची संधी देतं? वाचकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. उत्तरं सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावीत. प्रत्येक प्रकरणाची कागदपत्रं वेगळी असतात आणि ती वकिलांनीच पाहायला हवीत.

एक वाचक, नाशिक : माझ्या धाकट्या भावाला २०२३ मध्ये दारू पिऊन मोटरसायकल चालवताना पकडलं होतं. कोर्टात गुन्हा कबूल करून त्यानं १०,००० रुपये भरले आणि आम्हाला वाटलं विषय संपला. आता तो पुन्हा सापडला आहे. वकील म्हणतात, या वेळी दोन वर्षं कैद होऊ शकते. हे खरं आहे का?

खरं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होतात. दुसऱ्या आणि त्यापुढच्या प्रत्येक गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कैद किती द्यायची, किंवा मुळात द्यायची की नाही, हे न्यायदंडाधिकारी ठरवतात. दंडाची रक्कम मात्र कायद्यानंच बांधून दिली आहे. दंड करायचा तर तो पंधरा हजारच, ‘गरीब आहे, पाच हजार करा’ ही विनंती इथे चालत नाही.

‘पैसे भरले, विषय संपला’ हा समज फार जणांचा असतो. गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे न्यायालयानं दोषी ठरवणं. ती नोंद राहते. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच वाढीव शिक्षा लागत असे. २०१९ च्या सुधारणेनं कलम १८५ मधली ती मुदत काढून टाकली. त्यामुळे पहिला गुन्हा आठ वर्षांपूर्वीचा असला तरी आजचा ‘दुसरा’ धरला जाऊ शकतो. बेदरकारपणे वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्ये मात्र तीन वर्षांची अट अजून आहे. दोन्ही कलमं लावली असतील तर हा फरक वकिलांच्या लक्षात आणून द्या.

आता प्रकरणात प्रत्यक्ष काय तपासायचं ते पाहू. वाढीव शिक्षा मागायची तर आधीच्या दोषसिद्धीचा उल्लेख खटल्यात झालेला असावा लागतो आणि ती शाबितही करावी लागते. त्यासाठी आधीच्या निकालाची प्रमाणित प्रत लागते आणि तेव्हाचा आरोपी हाच, हे दाखवावं लागतं. नुसतं ‘संगणकावर नाव दिसतं’ एवढं पुरत नाही, कारण एकाच नावाची माणसं पुष्कळ असतात. दुसरं, चाचणीचे कागद. श्वासचाचणीची छापील पावती, तिच्यावरची तारीख आणि वेळ, यंत्राच्या तपासणीचं प्रमाणपत्र. कलम १८५ खाली अटक केली असेल तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्या माणसाला सोडावं लागतं. भावानं फुंकायलाच नकार दिला असेल तर तो शहाणपणा नव्हता. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार त्याच्याविरुद्धच पुरावा म्हणून वापरता येतो.

तिसरी गोष्ट लायसन्सची, आणि बहुतेक कुटुंबांना तिचा पत्ताच नसतो. कलम १८५ खाली दोषी ठरवलेल्या माणसाला किमान सहा महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवणं कलम २० नुसार न्यायालयावर बंधनकारक आहे. हे दंडाच्या किंवा कैदेच्या जोडीला येतं, त्यांच्या बदल्यात नाही. आदेशाची प्रत हातात पडली की शेवटपर्यंत वाचा. अपात्रतेच्या काळात गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि मग तिसऱ्या खटल्यात दया मागायला तोंड राहत नाही.

शिक्षा ठरवताना न्यायाधीश काय पाहतात? अल्कोहोलचं प्रमाण किती होतं, मागे कुणी बसलं होतं का, अपघात झाला का, दोन गुन्ह्यांत किती अंतर होतं, लायसन्स आधीच निलंबित होतं का. आणि पकडल्यापासून खटल्याच्या तारखेपर्यंत त्या माणसानं स्वतःहून काय केलं. भावाच्या हातात आता एवढं शेवटचंच उरलं आहे. त्याबद्दल खाली कोल्हापूरच्या वाचकांना दिलेलं उत्तर वाचा.

एक वाचक, ठाणे : माझ्या नावावर ई-चलानं बरीच आहेत, पण सगळी वेळेवर भरली आहेत. तरी मी ‘सराईत’ ठरतो का?

चलानाचे पैसे म्हणजे खटला न चालवता प्रकरण मिटवायचं तडजोड शुल्क. ते भरलं की खटला मिटतो, गुन्हा मात्र मोजला जातो. कलम २०० मध्ये २०१९ साली तसं स्पष्ट लिहिलं आहे: तडजोड झाली तरी तो गुन्हा ‘आधी घडलेला तसाच गुन्हा’ समजायचा. लोकअदालतीत शुल्क भरून मिटवलेल्या चलानाचंही तेच. शिवाय शुल्क भरल्यानं लायसन्सवरची कारवाई आणि उजळणी प्रशिक्षणाची सक्ती टळत नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा तडजोडीच्या यादीतच नाही. गाडी तुमच्या नावावर आणि चालवणारा दुसराच असेल, तर चलान गुपचूप भरू नका. आधी हरकत नोंदवा, नाहीतर दुसऱ्याचा गुन्हा तुमच्या खात्यात जमा होतो.

एक वाचक, कोल्हापूर : माझे पती दारूच्या आहारी गेले आहेत. तिसऱ्यांदा पकडले गेले. तुरुंगात पाठवण्याऐवजी त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात पाठवा, असं न्यायालयाला सांगता येईल का?

सांगता येतं. पण तसा तयार आदेश मोटार वाहन कायद्यात नाही, तो दुसऱ्या कायद्यातून बांधावा लागतो.

तो कायदा म्हणजे अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८. परिविक्षा (प्रोबेशन) म्हणजे दोषी माणसाला तुरुंगाऐवजी अटींवर बाहेर ठेवणं. त्याच्या कलम ३ नुसार समज देऊन सोडता येतं, पण फक्त आधी दोषसिद्धी नसलेल्यांना. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०१ सुद्धा पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्यांसाठीच आहे. म्हणून तुमच्या पतींसाठी ही दोन्ही दारं बंद आहेत. उरतं १९५८ च्या कायद्याचं कलम ४. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर लगेच शिक्षा न सुनावता जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडायचा अधिकार ते न्यायालयाला देतं. आधीची दोषसिद्धी ही त्यात आडकाठी नाही. न्यायाधीश तिचा विचार मात्र करणारच. या कलमाखाली किमान एक वर्ष परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावता येते, आणि राहण्याच्या ठिकाणाबद्दल, नशेपासून दूर राहण्याबद्दल किंवा गुन्हा पुन्हा घडू नये म्हणून योग्य वाटेल त्या अटी घालता येतात. उपचारांची अट बसते ती इथे.

अडचण अशी की ही मागणी बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी, तोंडी आणि मोघम होते. ‘साहेब, सुधारतील, एक संधी द्या’ हे न्यायाधीश रोज ऐकतात. त्यांच्यापुढे काम करता येईल असा आराखडा ठेवावा लागतो, आणि त्याची तयारी आजपासून करावी लागते.

आधी मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. सरकारी जिल्हा रुग्णालयाचा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा कागद असेल तर उत्तम. ‘व्यसन आहे’ एवढंच नको. अवलंबित्वाचं निदान, आजाराचा कालावधी, शरीरावर झालेले परिणाम आणि सुचवलेले उपचार, हे सगळं त्यात यावं. मग प्रवेश. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रात किंवा जवळच्या रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागात. कुठे जायचं ते कळत नसेल तर सरकारच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर विचारा. भरती ही फक्त सुरुवात असते. नंतर किमान वर्षभर ठरलेल्या तारखांना तपासणी, समुपदेशन आणि स्वमदत गटाच्या बैठका लागतात, त्या तारखांचं वेळापत्रकच न्यायालयापुढे ठेवा. आधी केलेल्या भेटींच्या नोंदी जोडा. यकृताशी संबंधित जीजीटीसारख्या तपासण्या काही आठवड्यांच्या अंतरानं केल्या, तर उतरता आलेख दिसतो. मात्र यकृताच्या इतर आजारांनी आणि काही औषधांनीही हा आकडा वाढतो. म्हणून त्यावर डॉक्टरांचं मत लिहून घ्या, नुसता प्रयोगशाळेचा कागद देऊ नका.

त्यानंतर वाहनाचा प्रश्न. पती कामावर कसे जाणार? किल्ली कुणाकडे राहणार? मोटरसायकल विकली असेल तर हस्तांतराचा कागद जोडा. आमच्या मते दहा शिफारसपत्रांपेक्षा या एका कागदाला जास्त वजन आहे. शेवटी राहण्याचा कायमचा पत्ता किंवा नियमित काम त्या न्यायालयाच्या हद्दीत असल्याचा पुरावा आणि हमीदार. आरोपीचा किंवा हमीदाराचा असा ठावठिकाणा नसेल तर कलम ४ चा आदेश देता येत नाही.

हे सगळं घेऊन वकिलांनी परिविक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवावा, असा लेखी अर्ज द्यावा. अधिकारी घरी येतील, शेजाऱ्यांशी, मालकाशी बोलतील. तेव्हा काही लपवू नका. आधीचे दोन्ही गुन्हे अहवालात येणारच असतात, आणि घरच्यांनी खोटं सांगितलं तर तेही येतं. खालच्या न्यायालयानं नाकारलं तरी अपिलात हाच आदेश मागता येतो. अपिलाची मुदत ३० दिवस आहे.

दोन धोके सांगायला हवेत. पहिला कायद्याचा. ‘हा व्यसनी आहे’ असं तुम्हीच न्यायालयाला लिहून दिलं की लायसन्स अधिकाऱ्याला कलम १९ खाली सराईत मद्यपी म्हणून लायसन्स रद्द करायला आधार मिळतो. आमचं मत असं की हा धोका पत्करावा. बरे होईपर्यंत त्यांनी गाडीपासून दूर राहणं हे तुमच्या घरासाठी आणि रस्त्यावरच्या प्रत्येकासाठी हिताचं आहे. दुसरा धोका जिवाचा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली, मग ती कोठडीत असो की घरी, तर काही तासांत हात थरथरू लागतात आणि घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भ्रम, भास, ताप, ही अवस्था जीव घेऊ शकते. अटक झालीच तर ‘हे रोज किती पितात’ हे पोलिसांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याच वेळी सांगा. लाजू नका. आणि दारू सोडवायच्या गोळ्या त्यांच्या नकळत जेवणात कालवू नका. त्यावर दारू प्यायली गेली तर रक्तदाब कोसळतो.

परिविक्षेच्या अटी मोडल्या तर? बंधपत्र चालू असताना पुन्हा प्यायल्याचं, उपचार सोडल्याचं सिद्ध झालं, तर मूळ गुन्ह्याची राखून ठेवलेली शिक्षा सुनावता येते. पहिल्या वेळी न्यायालय किरकोळ दंडावरही सोडू शकतं. व्यसनात पाय घसरणं हे उपचारांत धरूनच चालायचं असतं. तसं झालं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन नोंद करा आणि परिविक्षा अधिकाऱ्यांना स्वतःहून कळवा. लपवलेली चूक न्यायालयाला वेगळ्या मार्गानं कळली की मग कुणी ऐकून घेत नाही.

एक वाचक, अमरावती : नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षा आली आहे म्हणतात. मग वाहनचालकांना ती का देत नाहीत?

भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून ही शिक्षा आली, पण मोजक्याच गुन्ह्यांसाठी. पाच हजारांखालच्या किमतीची पहिली चोरी, अब्रुनुकसानी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घालणं, असे काही. भरधाव गाडी चालवणं (कलम २८१) त्यात नाही. मोटार वाहन कायद्यात समाजसेवेची व्याख्या आहे, पण ती मुख्यतः तडजोडीच्या वेळी राज्य सरकारनं लावायची गोष्ट आहे. दिल्लीतल्या १९९९ च्या बीएमडब्ल्यू प्रकरणात सहा जण गेले होते. त्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये भोगलेली सुमारे दोन वर्षांची कैद पुरेशी मानून ५० लाख रुपये भरायला आणि दोन वर्षं समाजसेवा करायला सांगितलं. तो त्या न्यायालयाचा, त्या प्रकरणापुरता आदेश होता. तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे त्याचा दाखला देऊन फारसं काही मिळणार नाही.

एक वाचक, लेस्टर (इंग्लंड) : इथे शिकायला आलेला माझा भाचा दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा पकडला गेला. त्याला ‘कोर्स’ची सवलत मिळेल असं मित्र सांगतात. ती भारतातल्यासारखीच असते का?

नाही, तिथली रचना बरीच पुढची आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्यापेक्षा सैल. पण गाडी चालवायची बंदी कडक. पहिल्या गुन्ह्याला किमान १२ महिने, दहा वर्षांच्या आत दुसरा झाला तर किमान तीन वर्षं. कैद जास्तीत जास्त सहा महिने, दंडाला वरची मर्यादा नाही. न्यायालयानं देऊ केलेला पुनर्वसन अभ्यासक्रम, किमान १६ तासांचा, मुदतीत पूर्ण केला तर बंदीचा काळ एक चतुर्थांशापर्यंत कमी होतो. तो देऊ करायचा की नाही हे न्यायालय ठरवतं आणि फी स्वतः भरावी लागते. अवलंबित्व असेल तर शिक्षेचाच भाग म्हणून दारूवरचे उपचार लावता येतात, त्यासाठी भाच्याची संमती लागते. घोट्याला बांधायच्या, घामातून अल्कोहोल ओळखणाऱ्या पट्ट्यासह दारूबंदी १२० दिवसांपर्यंत लावता येते.

दहा वर्षांत दोनदा दोषी ठरलेला माणूस ‘जास्त धोक्याचा’ धरला जातो. बंदी संपल्यावर वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय त्याला लायसन्स परत मिळत नाही. विद्यार्थी व्हिसावर दोषसिद्धीचा परिणाम होऊ शकतो. म्हणून गुन्हा कबूल करण्याआधी फौजदारी वकिलांबरोबरच व्हिसाचं काम पाहणाऱ्या वकिलांचाही सल्ला घ्यायला सांगा.

उपचार, बंदी आणि देखरेख एकाच आदेशात बांधायची अशी सोय आपल्या मोटार वाहन कायद्यात असायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं. आज कोल्हापूरच्या वाचकांना ती तीन ठिकाणांहून गोळा करावी लागते.

एक वाचक, जळगाव : मी ट्रक चालवतो. दोनदा वेगमर्यादेचं आणि एकदा मोबाइलचं चलान झालं. आता आरटीओकडून लायसन्स रद्द का करू नये अशी नोटीस आली आहे. चार माणसांचं पोट याच्यावर आहे.

नोटिशीला उत्तर देणं हे पहिलं काम. वेग, धोकादायक चालवणं, दारू अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात. कलम १९ प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिने निलंबन आणि त्यानंतर रद्द. पण त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. दिलेल्या तारखेला जा. कोणत्या चलानाच्या वेळी गाडीवर तुम्ही नव्हता, हे मालकाच्या हजेरीच्या नोंदीवरून दाखवता येत असेल तर दाखवा. आदेश विरुद्ध गेला तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील आहे. निलंबन झालं तर उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावंच लागतं. तीन महिने संपायची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा. ‘पोट याच्यावर आहे’ हे सांगा, पण त्याच्यावरच विसंबू नका. जड वाहनाची धडक जास्त जीव घेते, त्यामुळे अधिकारी तुमच्या लायसन्सकडे अधिक कठोरपणे पाहतात आणि ते चूक नाही.

आता दुसरी बाजू, जी चालक सहसा मांडत नाहीत. ठरावीक वेळेत माल पोचवायची सक्ती मालकानं केली आणि ती वेळ मर्यादा मोडल्याशिवाय गाठताच येणार नसेल, तर कलम १८३ खाली मालकही दोषी ठरतो. तसं वेळापत्रक किंवा तशी सूचना हाच त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा समजला जातो. ‘सकाळी सहाला भिवंडीत पोच’ असले व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप, जीपीएसची नोंद, टोलच्या पावत्या जपून ठेवा. गुन्हा पुन्हा पुन्हा का घडतो याचं उत्तर पुष्कळदा या कागदांत असतं. ते पुढे आले नाहीत तर तुमच्या जागी दुसरा चालक बसतो आणि तेच वेळापत्रक चालू राहतं.

एक वाचक, सातारा : माझ्या मेहुण्यांना धडक देऊन मारणाऱ्या चालकाला आधी दोनदा दारूच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. तरी त्याला ‘सुधारण्याची संधी’ देऊन सोडून देतील अशी भीती वाटते. आम्ही काय करू शकतो?

जीव गेला असेल तिथे सर्वोच्च न्यायालयाची भूमिका स्पष्ट आहे. दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य (२०००) या निकालात त्यानं म्हटलं की निष्काळजी वाहनचालकांना परिविक्षेचा लाभ सहजासहजी देऊ नये. दोषी ठरलो तरी सौम्यपणे सुटू, असं चालकाला वाटता कामा नये. २०१५ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयानं एक वर्षाची कैद भोगलेल्या २४ दिवसांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती सहा महिने केली. वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेले सात मजूर दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीखाली गेले. त्यात सदोष मनुष्यवधाचं कलम टिकलं आणि तीन वर्षांची सक्तमजुरी कायम झाली.

तुमच्या प्रकरणात आधी तारीख पाहा. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंतच कैद आहे. नंतरची असेल तर न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत. मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव असताना गाडी चालवली, असं दाखवणारा पुरावा असेल, तर कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत. हे कलम लागावं की नाही हे दारूचं प्रमाण, वेग, रस्ता, लोकांनी आधी दिलेला इशारा, अशा त्या रात्रीच्या पुराव्यावर ठरतं. आरोपी दोषी आहे का हे ठरवताना त्याची जुनी प्रकरणं सहसा पुढे आणता येत नाहीत. शिक्षा ठरवताना मात्र ती येतात, आणि तिथेच तुमचं काम आहे.

जुन्या दोन्ही निकालांच्या प्रमाणित प्रती सरकारी वकिलांच्या हाती वेळेत पोचतील हे पाहा. वेगळ्या तालुक्यातला निकाल असेल तर तो आपोआप फाइलमध्ये येत नाही. न्यायालयाच्या परवानगीनं तुमचे वकील सरकारी वकिलांना मदत करू शकतात. चालकाच्या लायसन्सबाबत आरटीओला लेखी पत्र द्या, त्यात आधीच्या दोषसिद्धीचे खटला क्रमांक लिहा. एक बारकावा: मृत्यूचा गुन्हा नोंदवला जाताच लायसन्स सहा महिने आपोआप निलंबित होण्याची कलम २१ ची तरतूद आधी कलम १८४ खाली शिक्षा झालेल्यांना लागते, १८५ खाली नाही. त्यामुळे इथे कलम १९ खाली कारवाई मागावी लागेल.

शिक्षा कमी वाटली तर ती वाढवण्यासाठी तुम्हाला थेट अपील नाही. आरोपी सुटला किंवा सौम्य कलमाखाली दोषी ठरला तर आहे. शिक्षा वाढवून मागणारं अपील सरकारनं करावं लागतं. निकालाच्याच आठवड्यात सरकारी वकिलांना तसा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भरपाईचा दावा वेगळा, मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे. कायद्यात त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. फौजदारी निकालाची वाट पाहत बसू नका.

एक वाचक, पुणे : सतरा वर्षांचा मुलगा दुसऱ्यांदा स्कूटर चालवताना पकडला गेला. शिक्षा त्याला की मला?

दोघांनाही, वेगवेगळ्या ठिकाणी. कलम १९९-अ खाली पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, आणि दुसऱ्या वेळी ते सांगणं जवळजवळ अशक्य. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे समुपदेशन, समाजसेवा, देखरेख हेच मुख्य मार्ग आहेत. मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर ज्या ३०० शब्दांच्या निबंधावरून संताप झाला, ती जामिनाची अट होती, शिक्षा नव्हे.

एक वाचक, सिंधुदुर्ग : गोव्यात दारू पिऊन गाडी चालवताना पकडलो. लायसन्स महाराष्ट्राचं आहे. तिकडचा आदेश इकडे लागू होतो का?

होतो. कायदा केंद्राचा, ३० मिलिग्रॅमची मर्यादाही तीच. अपात्रतेचा आदेश सबंध देशात चालतो आणि लायसन्सच्या नोंदी ‘सारथी’ या एकाच संगणकीय व्यवस्थेत असतात. गोव्यात झालेली दोषसिद्धी उद्या सावंतवाडीत ‘पहिला गुन्हा’ म्हणून मोजली जाईल. तारखेला गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं, तेव्हा जाणं शक्य नसेल तर वकिलांमार्फत आधीच अर्ज द्या. अपील करायचं असेल तर ते त्याच जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. गुन्हा कबूल केला असेल तर अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणाबद्दल आणि कायदेशीरपणाबद्दल करता येतं, दोषसिद्धीबद्दल नाही. म्हणून कबुली द्यायच्या आधीच वकिलांना चाचणीचे कागद दाखवा.